तुम्ही विचारलंत म्हणून : जहाजावरची बिअर

क्रूझची सफर करून कोल्हापूरला परतलो, की मार्केट यार्डातील आमच्या गुळाच्या पेढीवर येणारी माणसे, शेजारी आणि नात्यातली तरुण मुले एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. "काका, एवढं मोठं जहाज, एवढं खाणंपिणं, आणि तुम्ही त्या बिअरचंच काय घेऊन बसलाय?" हल्ली आपल्याकडून क्रूझला जाणारी कुटुंबे वाढली आहेत. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघावे, सकाळी सीएसएमटीला उतरावे आणि तिथून जवळच असलेल्या बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर जहाजात चढावे, इतके ते सोपे झाले आहे. सिंगापूरच्या पॅकेजमध्ये तर क्रूझ बहुधा जोडूनच मिळते. त्यामुळे विचारणाऱ्याला जहाज कसे असते हे सांगावे लागत नाही. माझे बिअरविषयीचे म्हणणे काय आहे, एवढेच सांगायचे राहते आणि ते पेढीवर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून येथे लिहितो.

माझी मागणी अशी आहे की, ज्या जहाजावर वाइनची यादी देश, प्रदेश आणि वर्ष यांसह पानेच्या पाने भरलेली असते, जिथे कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन घ्यावी हे सांगायला प्रशिक्षित माणूस टेबलाशी येऊन उभा राहतो, त्या जहाजावर बिअरचाही तेवढ्याच आस्थेने विचार व्हावा. आज तो बहुतेक ठिकाणी होत नाही. भूमध्य समुद्रातल्या एका सफरीत आमचे जहाज जेनोवा बंदरात उभे होते आणि डेकवरच्या बारमध्ये माझ्यासमोर जी यादी आली तीत आठ नावे होती. हॉलंड, मेक्सिको, अमेरिका, इटली असे देश वेगवेगळे होते, बाटल्यांचे रंग वेगवेगळे होते, पण आठही बिअर फिकट सोनेरी लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेल्या प्रकारातल्याच होत्या आणि डोळे मिटून प्यायल्या असत्या तर त्यांतल्या निम्म्या एकमेकींपासून ओळखता आल्या नसत्या. जेनोवाला लागून असलेल्या पिएमोंते प्रांतातल्या पिओझ्झो या गावात १९९६ साली बालादिन ही छोटी ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याचा कारखाना, सुरू झाली, त्याच वर्षी लोम्बार्दीत बिर्रिफिचो इतालियानो सुरू झाली आणि वाइनचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इटलीत पुढे अशा शेकडो ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. त्या देशाच्या धक्क्याला लागलेल्या जहाजावर त्यांपैकी एकीचीही बाटली नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.

बारवरचा मुलगा मोठा अगत्यशील होता. काही वेगळे आहे का म्हणून मी विचारले तेव्हा त्याने खालच्या कप्प्यात शोधून आयपीएचा (इंडिया पेल एल या कडवट, सुगंधी बिअरचा) एक कॅन काढून दिला. मी तो उलटा करून पाहिला, तर बुडावर छापलेली तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती. ग्लासात ओतल्यावर फेस बरा आला, रंगही ठीक होता, पण ज्या वासासाठी माणूस आयपीए मागतो तो संत्र्याच्या सालीचा, आंब्याचा, पाइनच्या चिकाचा वास कुठेच नव्हता. त्याऐवजी ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. बिअरमध्ये ऑक्सिजन मुरला की असाच वास येतो. बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा सुगंध फार नाजूक असतो, तो काही महिन्यांतच उतरू लागतो आणि उष्णतेत ठेवला तर त्याहून लवकर जातो. म्हणजे जहाजावर छोट्या ब्रुअऱ्यांची, क्राफ्ट म्हणतात ती बिअर नव्हती असेही म्हणता येणार नाही. ती होती, पण तिची देखभाल कोणाच्याच जबाबदारीवर नव्हती.

आता कोणी म्हणेल की बिअर ती बिअर, तीत एवढा फरक तो काय असणार. या मुद्द्यावर मी गुळाच्या धंद्यातला माणूस म्हणून बोलतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण यार्डात सौद्याला बसणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला ठाऊक असते की कोल्हापुरी गूळ म्हणजे एकच गूळ नव्हे. नदीकाठच्या मळीच्या रानातल्या उसाचा गूळ वेगळा, खारवट जमिनीतल्या उसाचा वेगळा. भेंडीचे पाणी घालून रसावरची मळी नीट काढली आहे की नाही, रस उकळण्याची काहील चुलवाणावरून उतरवण्याची वेळ गुळव्याने अचूक धरली की नाही, हे गुळाच्या रव्याचा (ढेपेचा) एक तुकडा जिभेवर ठेवताच समजते. रस, विस्तव आणि एका माणसाचा अंदाज एवढ्यावर इतका फरक पडत असेल, तर बार्ली किती भाजली, हॉप्स कोणत्या आणि केव्हा टाकल्या, यीस्ट कोणते वापरले आणि ते किती तापमानाला आंबू दिले, यांनी बिअर का बदलू नये?

ती बदलतेच. लागरचे यीस्ट थंडाव्यात, साधारण दहा-बारा अंश सेल्सिअसला, सावकाश काम करते आणि चव स्वच्छ ठेवते. चांगली पिल्सनर, म्हणजे फिकट लागर, बनवणे हे अवघड काम आहे आणि मला तिच्याविषयी पूर्ण आदर आहे. एल या बिअरच्या दुसऱ्या मुख्य प्रकाराचे यीस्ट त्याहून उबदार वातावरणात आंबते आणि स्वतःचे सुवास निर्माण करते. जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तेव्हा त्यात ना केळे घातलेले असते ना लवंग. ती सगळी करामत यीस्टची असते. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. स्टाउट या काळ्या बिअरमधला कॉफीसारखा कडवटपणा काळपट भाजलेल्या बार्लीतून येतो. हे सगळे प्रकार पुण्यात आता सहज मिळतात. २००९ मध्ये तिथे डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतर या चवींची ओळख महाराष्ट्रात पसरत गेली. जहाजावर चढणारा आजचा मराठी प्रवासी या चवी जाणून घेऊन चढतो, हे जहाजाच्या खरेदी विभागाने लक्षात घ्यायला हवे.

जहाजांची बाजूही मला समजते. मोठी क्रूझ कंपनी एका जहाजासाठी खरेदी करत नाही, साऱ्या ताफ्यासाठी करते; असा करार करायचा तर बलाढ्य पुरवठादारच परवडतो आणि मग त्याच्याच ब्रँडांनी सगळे फ्रिज भरतात. माल चढवायला मूळ बंदरात जेमतेम एक दिवस मिळतो. बंदराबंदरावर जकातीचे नियम निराळे असतात. नळातून द्यायच्या ड्राफ्ट बिअरचे पोलादी केग, म्हणजे पिंपे, थंड जागेत ठेवावे लागतात आणि रिकामे झाल्यावर परत पाठवावे लागतात. एवढे सगळे मान्य करूनही यांतली कोणतीही अडचण न सुटणारी आहे असे मला वाटत नाही, कारण ज्यांनी मनावर घेतले त्यांनी ती सोडवून दाखवली आहे.

जर्मनीच्या आयडा कंपनीचे आयडाब्लू हे जहाज २०१० मध्ये सेवेत आले तेव्हा त्याच्यावर चक्क ब्रुअरी होती आणि तिथे समुद्राचे पाणी गोडे करून त्यातून बिअर तयार केली जात होती. हे ऐकून आपल्याकडची माणसे तोंड वाकडे करतात, पण बिअर बनवणाऱ्याच्या दृष्टीने असे पाणी सोयीचे असते. त्यातले बहुतेक क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे जी शैली बनवायची असेल तिला लागणारे क्षार मोजून घालता येतात. कडवट एलसाठी जिप्सम हा क्षार वाढवावा, सौम्य पिल्सनरसाठी पाणी तसेच मऊ ठेवावे. पुढे २०१५ मध्ये नॉर्वेजियन एस्केप या जहाजावर डिस्ट्रिक्ट ब्रू हाउस नावाचा बार आला, ज्यात २४ टॅप, म्हणजे बिअरचे नळ, होते आणि मायामीच्या विनवूड ब्रुइंग या स्थानिक ब्रुअरीची बिअर त्यांवर दिली जात होती. २०१६ मध्ये आलेल्या कार्निव्हल व्हिस्टावर ब्रुअरी होती आणि तिथे आयपीए, कॅरिबियन धाटणीची गव्हाची बिअर आणि कॉफीचा स्टाउट अशा तीन बिअर जहाजावरच तयार होत. म्हणजे हलत्या जहाजावर बिअर आंबवताही येते आणि बंदराच्या गावातली छोटी ब्रुअरी हजारो प्रवाशांना पुरवठाही करू शकते. बाकीच्यांना हे का जमू नये, या प्रश्नाला मला अजून पटणारे उत्तर मिळालेले नाही.

आणि बिअर व समुद्र यांचे नाते काही कालचे नाही. आयपीए या प्रकाराला नाव आणि कीर्ती मिळाली ती हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांसाठी जहाजांतून जी बिअर येत असे तिच्यामुळे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची पिंपे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढत आणि १८२० च्या दशकात बर्टन अपॉन ट्रेंटच्या ब्रुअऱ्याही या व्यापारात उतरल्या. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी ती पिंपे मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला पोहोचत. भरपूर हॉप्स घातलेली ती बिअर एवढा प्रवास सोसून टिकत असे, इतकेच नव्हे तर वाटेत मुरून सुधारत असे. लाकडी पिंप आणि शिडाचे जहाज यांच्या भरवशावर माणसांनी जे साधले, ते रेफ्रिजरेशन असलेल्या आजच्या जहाजाला कठीण जाऊ नये. (आजची सुगंधी आयपीए मात्र ताजीच प्यावी लागते, तिच्या बाबतीत मुरण्याचा दाखला कोणी देऊ नये.)

जहाजावर ब्रुअरीच बांधा, असा माझा हट्ट नाही. एका बारमध्ये सहा टॅप असावेत. त्यांतले चार कायमचे, एक लागर, एक गव्हाची बिअर, एक आयपीए आणि एक स्टाउट किंवा तिच्यासारखीच गडद पोर्टर. उरलेले दोन जहाज ज्या बंदरांना लागते तिथल्या छोट्या ब्रुअऱ्यांसाठी मोकळे ठेवावेत. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या जहाजाला तर दोन्ही टोकांना उत्तम ब्रुअऱ्या आहेत. केग परत पाठवण्याची अडचण असेल तर एकदाच वापरायचे वीस-तीस लिटरचे प्लास्टिकचे केग आता मिळतात. त्यांतल्या काहींमध्ये बिअर आतल्या पिशवीत असते आणि पिशवीबाहेरची दाबलेली हवा ती ढकलते, त्यामुळे बिअरला हवा लागत नाही आणि ती लवकर खराब होत नाही. टॅपच्या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात, असा अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनचा दंडक आहे. तो पाळला नाही तर चांगल्यातली चांगली बिअरसुद्धा आंबूस आणि लोण्यासारखी लागते. शिवाय यादीत प्रत्येक बिअरसमोर तिचा प्रकार, अल्कोहोलचे प्रमाण आणि भरल्याची तारीख छापावी. वाइनचे वर्ष छापता येते, तर बिअरचा महिना का छापता येऊ नये?

पेयांच्या पॅकेजविषयीही बोलले पाहिजे, कारण खरी मेख तिथे आहे. बहुतेक कंपन्यांच्या पॅकेजमध्ये ठराविक किमतीपर्यंतचीच पेये मोडतात. कार्निव्हल या कंपनीच्या पॅकेजमध्ये दिवसाला १५ मद्यपेये अशी मर्यादा आहे. एवढी बिअर कोणी प्यावी, हे मला अजिबात मान्य नाही. आपल्या घरांतून दारूविषयी उघड बोलायला संकोच वाटतो, त्यामागचे कारण खरे आहे. पिण्याच्या आहारी जाऊन उद्ध्वस्त झालेली घरे कोल्हापूरच्या प्रत्येक पेठेत दाखवता येतील. म्हणूनच मी चवीचा आग्रह धरतो. भरमसाट मिळणाऱ्या एकाच बेचव पेयापेक्षा दीडशे मिलिलिटरच्या लहान ग्लासांतून तीन वेगवेगळ्या बिअर मिळाव्यात, त्यांची माहिती सांगणारा माणूस असावा आणि प्रवाशाने त्या जेवणाबरोबर सावकाश प्याव्यात. एकूण बिअर अर्ध्या लिटरच्याही आत राहते आणि संध्याकाळ सार्थकी लागते. प्रवाशाने स्वतःची सोय करावी म्हटले तर तेही चालत नाही, कारण रॉयल कॅरिबियन किंवा कार्निव्हलसारख्या कंपन्या प्रौढ प्रवाशाला ७५० मिलिलिटरची वाइनची एक बाटली सोबत आणू देतात, बिअर मात्र आणू देत नाहीत. नियम करण्याचा अधिकार त्यांचा आहे. मग चांगली बिअर पुरवण्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी.

जेवणाचा उल्लेख आला म्हणून आपल्या माणसांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. तिखट जेवणाबरोबर कडक आयपीए घ्यावी, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. हॉप्सचा कडूपणा आणि जास्तीचे अल्कोहोल मिरचीची आग वाढवतात. जहाजावरच्या भारतीय विभागात झणझणीत मटण मिळालेच, तर त्याच्याबरोबर गव्हाची बिअर घ्यावी. पांढऱ्या रश्श्यासारख्या नारळ-खसखशीच्या सौम्य पदार्थाशीही ती जुळते. सुक्या मटणातल्या भाजलेल्या खोबऱ्याला आणि मसाल्याला स्टाउटचा भाजका गोडवा इतका छान उठाव देतो की, ही जोडी एखाद्या जहाजाच्या शेफने मेनूवर आणावी, असे मला फार वाटते.

तुम्ही क्रूझला निघाला असाल तर बुकिंग करतानाच बारची सध्याची यादी मागून घ्या. एजंटाकडे नसेल तर त्याला कंपनीकडून मागवायला सांगा. जहाजावर गेल्यावर पहिल्याच दिवशी मुख्य बारच्या व्यवस्थापकाला भेटा, कारण स्थानिक बिअर चढवलेली असली तरी ती थोडी असते आणि यादीवर नसते. कॅनच्या बुडावरची तारीख पाहूनच तो उघडायला सांगा. आणि सफर संपताना जो अभिप्रायाचा फॉर्म येतो त्यात "छान" एवढेच लिहून तो परत करू नका. कोणती बिअर मागितली, ती मिळाली का आणि मिळाली तर किती जुनी होती, हे नाव घालून लिहा. पुढच्या खरेदीची यादी ठरवणाऱ्या कार्यालयापर्यंत प्रवाशाचे म्हणणे पोहोचते ते बहुतेक याच कागदावरून, आणि मी तरी तो दर वेळी मागची बाजूही भरून देतो.