आग लागली नाही, मग तोटा कुठून आला?

विमा कंपनीच्या फायरच्या खात्यात तोटा का दिसतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी सरकारी सर्वसाधारण विमा कंपनीत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं फायर डिपार्टमेंटला, म्हणजे आगीचा विमा बघणाऱ्या विभागात. वार्षिक निकाल पेपरात आले की कुणी ना कुणी विचारतंच. यंदा भाच्याने विचारलं, "मामा, मोठी आग लागल्याचं कुठे ऐकलं नाही. मग फायरच्या खात्यात तोटा कसा?"

फायर पॉलिसी नुसत्या आगीची नसते. वीज, स्फोट, वादळ, पूर हे सगळं तिच्यात येतं, भूकंपही जोडून घेता येतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भिजलेल्या गोदामांचे दावे फायरच्याच टेबलावर आले. 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हाही तेच. बाजारपेठेत ठिणगी पडली नाही, पण खर्च फायरच्या नावावर.

प्रीमियमचंही तसंच. जानेवारीत काढलेली पॉलिसी पुढच्या जानेवारीपर्यंत चालते. 31 मार्चला हिशेब बंद करताना नऊ महिन्यांची जोखीम अजून डोक्यावर असते, म्हणून तेवढा प्रीमियम बाजूला ठेवावा लागतो. कमिशन आणि ऑफिसचा खर्च मात्र आधीच झालेला असतो. म्हणून धंदा जोरात वाढतो त्या वर्षी नफा उलट आक्रसलेला दिसतो.

पण खरी गोम असते ती न मिटलेल्या दाव्यांत. आग लागली, सर्व्हेअर (नुकसान मोजणारा तज्ज्ञ) जाऊन आला, रिपोर्ट यायचाय आणि 31 मार्च उजाडला, तर त्या फाइलवर अंदाजाचा आकडा घालावाच लागतो. एकदा जिनिंग मिलमधल्या कापसाच्या आगीची फाइल माझ्याकडे होती. बंब येऊन गेले होते, वरून सगळं विझलेलं. सर्व्हेअरने कापसाची एक गाठ, म्हणजे दाबून बांधलेला गठ्ठा, फोडायला लावली, तर आतून धूर आला. "साहेब, कापूस आतून दिवसेंदिवस धुमसतो, आत्ताच आकडा ठरवू नका," असं त्यांनी मला सांगितलं. पण मार्च अखेर होती आणि वरून फोनवर फोन येत होते. वाचलेल्या गाठी विकून बरंच भरून येईल असं धरून मी आकडा कमी घातला. पुढच्या वर्षी दावा जवळजवळ दुप्पट रकमेला मिटला. म्हणजे आधीच्या वर्षीचा तेवढा नफा खरा नव्हता आणि पुढच्या वर्षीचा तेवढा तोटा त्या वर्षाचा नव्हता. ती फाइल मी विसरलेलो नाही. अशा फाइली शाखाशाखांत असतात. त्यांची बेरीज म्हणजे पेपरातला एक आकडा.

दराबद्दल मात्र मला मनापासून राग आहे. टॅरिफ, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेलं दरपत्रक, होतं तोवर फायरचे दर ठरलेले असत. 1 जानेवारी 2007 पासून ते मोकळे झाले आणि सरकारी काय, खासगी काय, सगळेच सूट देत सुटले. तोच कारखाना, तोच बॉयलर, तीच जोखीम, आणि प्रीमियम पूर्वीच्या निम्म्याहून कमी! चांगल्या वर्षांत हे खपून गेलं. पूर आला की उघडं पडायचं. 2019 मध्ये जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीने (विमा कंपन्यांची जोखीम वाटून घेणारी कंपनी) विमा कंपन्यांना काही उद्योगांसाठी किमान दर लावायला भाग पाडलं, तेव्हा कुठे घसरण थांबली.

तोटा म्हटला की लोक लगेच सरकारने घातलेल्या भांडवलाकडे बोट दाखवतात. 2019-20 ते 2021-22 या तीन वर्षांत केंद्राने चारपैकी तीन सरकारी विमा कंपन्यांत 17,450 कोटी रुपये घातले हे खरं. पण त्यामागे गट आरोग्यविमा आणि मोटार थर्ड पार्टीचं (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्याचं) दुखणं मोठं होतं. तो बोजा फायरच्या माथी मारू नये.

भाच्याला मी सांगितलं, एका वर्षाचा आकडा घेऊन येऊ नकोस, दहा वर्षांचे अहवाल आण. त्याने खरंच आणले, प्रिंट काढून. आता रविवारी सकाळी आम्ही दोघं पेन्सिल घेऊन बसतो. प्रत्येक वर्षी सुरुवातीला किती दावे शिल्लक होते, अखेरीला किती, हे तो मोठ्याने वाचतो आणि मी मांडतो. सध्या 2019 च्या पुरापर्यंत आलोय.