उकिडवी बसणारी पाहुणी

माझ्या दिरांच्या टांझानियातील दार-ए-सलाम येथील सहकाऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलीला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी बडोद्याला आणायचे ठरले, तेव्हा तिची आणि तिच्या आईची सोय दांडिया बाजारातील आपल्याच घरी होईल, हे माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कोणाला न विचारता सांगून टाकले.

पहिल्याच दिवशी आमचा जिना चढताना ती मुलगी सातव्या पायरीवर थांबली आणि गुडघे छातीशी घेऊन उकिडवी बसली. ओठ जांभळे खाल्ल्यासारखे झाले होते. मी उचलायला धावले, तर तिच्या आईने हात आडवा धरून मला थांबवले. या आजाराला टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते, शरीराला रक्त नेणारी महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली असते आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली असते. उकिडवे बसल्याने पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो, आणि मग छिद्रातून महाधमनीत शिरणारे अशुद्ध रक्त अधिक प्रमाणात फुप्फुसांकडे वळते. हे मला डॉक्टरांनी नंतर समजावले. त्या मुलीला मात्र ते कोणीही शिकवलेले नव्हते.

परदेशी पाहुणा घरी उतरल्यावर २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची नोंद ऑनलाइन करावी लागते, मग ते हॉटेल असो की घर. ती आम्ही त्याच रात्री केली. खरी अडचण पुढे आली. शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी माझ्या मुलाला सर्दी झाली आणि दोनच दिवसांत तिलाही खोकला सुरू झाला. छातीत संसर्ग असताना भूल देणे धोक्याचे, म्हणून शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे गेली. त्यांचा ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचा होता, त्यामुळे मुदतवाढीच्या अर्जाची धावपळ वाढली ती वेगळीच. घरातल्या कोणाला साधे शिंकायला झाले तरी त्याला वेगळ्या खोलीत ठेवायला हवे होते, हे मला आधी सुचले नाही, याचे वाईट अजूनही वाटते. कोणी असा पाहुणा घरी आणणार असेल, तर पलंग-गादीच्या आधी या गोष्टीचा विचार करावा.

त्या तीन आठवड्यांत मला आणखी एक चूक उमगली. मुलीच्या आईला मी ‘तुम्ही बसा’ म्हणून स्वयंपाकघरात काही करूच देत नव्हते, आणि ती बिचारी दिवसभर दाराशी उभी राहून माझ्या हातांकडे पाहत असे. शेवटी माईंनी मक्याचे पांढरे पीठ मागवून तिच्यापुढे ठेवले. तिने पाण्याला उकळी आणली, मूठ-मूठ पीठ सोडत लाकडी कालथ्याने घोटले, आणि आपण मोदकांसाठी उकड काढतो तसा, पण अधिक घट्ट, उगाली नावाचा गोळा तयार केला. रोज ताटात अर्धा भात टाकणाऱ्या त्या मुलीने तो आमच्या वरणात बुडवून पोटभर खाल्ला. त्या दिवसापासून संध्याकाळची चूल तिच्या आईची झाली.

सकाळी मुलगी माईंपुढे येऊन स्वाहिलीत ‘शिकामू’ म्हणे. ‘मी आपले पाय धरते’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात, आणि मोठ्यांनी त्यावर ‘मराहबा’ म्हणायचे असते. अर्थ कळल्यावर माई ‘औक्षवंत हो’ म्हणू लागल्या, पण मुलगी ‘मराहबा’ ऐकेपर्यंत जागची हलत नसे, म्हणून माई दोन्ही म्हणू लागल्या.

शस्त्रक्रियेसाठी रक्तदाते आणायला रुग्णालयाने सांगितले, तेव्हा परक्या देशात एकट्या असलेल्या बाईने ते कोठून आणावेत? आमच्या गल्लीतील सहा जण सकाळीच जाऊन रक्त देऊन आले, त्यांपैकी चौघांनी तर मुलीला पाहिलेही नव्हते. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. घरी आल्यावर सहा आठवडे तिला बगलेत हात घालून उचलायचे नाही, कारण छातीचे हाड सांधायचे असते; एक हात पाठीखाली आणि एक बुडाखाली घालून उचलायचे, हे परिचारिकेने आम्हा सर्वांकडून करवून घेतले. पाणीही मोजून द्यायचे होते, आणि तो हिशोब माईंनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ठेवला.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती आईचे बोट धरून जिना चढली. सातव्या पायरीवर मीच थांबले. ती वर पोहोचून माझी वाट पाहत होती.

पुढे हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवरील झडपेची गळती वाढते का, हे पाहण्यासाठी तिला नियमित इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागणार आहे. फाइलचा एक संच मी आमच्याकडे ठेवला आहे, आणि प्रत्येक इकोचा अहवाल आम्हालाही पाठवायचा, असे तिच्या आईकडून कबूल करून घेतले आहे.