स्पीड भरपूर, तरी टीव्ही अडकतो

तक्रार एका ओळीची होती: टीव्हीवर व्हिडिओ मध्येच थांबतो. अशा तक्रारी आम्हा इंटरनेट कंपनीच्या टेक्निशियनांना रोजच्याच. लोकांना वाटतं आम्ही जाऊन वायरी तपासतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ आधी येऊन गेलेल्या माणसाने काय काय बदलून ठेवलंय ते शोधण्यात जातो. या घराची हिस्टरी उघडली तेव्हाच कळलं की इथे बरेच हात फिरून गेलेत. राउटर बदललेला, तोही पुन्हा त्याच मॉडेलचा. फायबरचा कनेक्टर नवा. टीव्ही फॅक्टरी रीसेट झालेला. शेवटचा शेरा: ‘स्पीड ओके, कस्टमरचं ॲप खराब.’ तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद.

हा ‘स्पीड ओके’ वाचला की माझं डोकं फिरतं. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून काही सेकंद जोर लावते. नळाला धार किती आहे ते त्यातून कळतं, पाणी मध्येच जातं का ते नाही. नेटफ्लिक्स स्वतः १०८०पीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. या घरात टीव्हीपाशी चारशेच्या आसपास मिळत होते. चारशे हातात असताना पंधराचं काम अडतंय, म्हणजे स्पीडचा संबंधच नाही, एवढं तरी कुणाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण आमच्याकडे माणसाची किंमत दिवसाला किती तिकिटं बंद केली यावर ठरते, आणि स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट चिकटवला की तिकीट बंद होतं.

घरच्यांनी आरोपी ठरवून टाकला होता: शाळकरी मुलगा आणि त्याचे गेम. “हा खेळायला बसला की टीव्ही अडकतो. याचं काहीतरी बंद करून द्या,” काकांनी दारातच सांगितलं. आरोप अगदीच वेडगळ नव्हता. घरातून कुणी मोठी फाइल अपलोड करायला लागलं की राउटरात रांग तुंबते आणि बाकीच्यांचं सगळं रेंगाळायला लागतं. पण ते रेंगाळणं असतं. इथे नेट ठप्प होत होतं आणि मग काही झालंच नाही असं सुरू होत होतं.

मुलाने बचावाची तयारी केली होती. फोनमधल्या नोटमध्ये तारीख, वेळ, टीव्हीवर काय चालू होतं, आणि शेवटच्या रकान्यात ‘मी कुठे होतो’. “दादा, हे बघा, यातल्या बऱ्याच वेळा मी घरातच नव्हतो.” काकांनी ती नोट वाचलीच नव्हती. मी ती आधी माझ्या फोनवर घेतली.

लाइनचं काम पटकन उरकलं. ओएनटीवर, म्हणजे फायबर येऊन जोडली जाते त्या डब्यावर, येणाऱ्या प्रकाशाचा जोर उणे १९ डीबीएम, उणे २७ पर्यंत चालतं. त्यात खोट नव्हती. मग माझा लॅपटॉप वायरने राउटरला जोडला, त्यांचा लॅपटॉप टीव्हीशेजारी वायफायवर ठेवला आणि दोन्हींवर दोन-दोन पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशा सततच्या हाका, लावले: एक राउटरला, एक बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. ही माझी आवडती मांडणी. बाहेरचं पिंग तुटलं आणि राउटरचं चालू राहिलं, तर दोष लाइनचा. वायफायवरची दोन्ही तुटली आणि वायरवरची दोन्ही चालू, तर लाइनला हात लावायचं कारणच नाही. यात एकच अडचण, बसून राहावं लागतं. आणि बसून राहणारा टेक्निशियन ऑफिसला खपत नाही, लगेच ‘अजून तिथेच?’ असा फोन येतो.

वाट पाहता पाहता मुलाला विचारलं, अडकल्यावर तुम्ही काय करता? “आधी राउटर बंद-चालू करायचो, कस्टमर केअरवाले तेच सांगतात. पण मग ते फाइव्ह-जीवालं नाव यायला फार वेळ लागतो. दुसरं नाव लगेच येतं.” मी विचारलं, फार म्हणजे किती? “मिनिटभर तरी.”

इथे मी ताठ बसलो. वायफायचं ५ गिगाहर्ट्झचं नाव मिनिटभर उशिरा येणं हा बिघाड नाही, तो नियम आहे. त्या पट्ट्यातली बरीच चॅनेलं, ५२ ते ६४ आणि १००च्या पुढची बहुतेक, हवामानाच्या आणि लष्करी रडारांच्या वाट्याची आहेत. २००३च्या जागतिक रेडिओ परिषदेने ती वायफायला वापरू दिली, पण अटीवर. आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकायचं, एक अक्षर पाठवायचं नाही. रडार नाही अशी खात्री झाली तरच सुरू करायचं. चालू असताना रडारचा ठोका ऐकू आला तर १० सेकंदांत जागा सोडायची आणि पुढची ३० मिनिटं तिथे फिरकायचं नाही. याला डीएफएस म्हणतात. राउटर ‘ऑटो’वर असला की त्याला ही चॅनेलं मोकळी दिसतात आणि तो तिथे जाऊन बसतो. मोकळी का आहेत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

सेटिंग उघडलं. ऑटो, सध्या चॅनेल १००. मग लॉग, म्हणजे राउटरची स्वतःची नोंदवही. लॉगवर तारीख १ जानेवारी १९७०. राउटरला बाहेरून घड्याळ जुळवून घ्यायलाच कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो १९७० सालातच होता. वर हा लॉग रॅममध्ये, म्हणजे बंद-चालू केलं की कोरा. ‘राउटर रीस्टार्ट करा’ हा आमच्या कस्टमर केअरचा रामबाण उपाय दर वेळी पुरावा पुसत होता, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मी सांगितलंय. स्क्रिप्ट बदललेली नाही.

लॉगमध्ये ‘रडार डिटेक्टेड, चॅनेल १००’ ही ओळ अधूनमधून होती आणि तिच्यामागे अर्ध्या तासाने ‘चॅनेल ३६ वरून १०० वर’. घड्याळाच्या वेळा जुळणं शक्य नव्हतं, म्हणून मी मुलाच्या नोटमधली अंतरं काढली. ज्या संध्याकाळी कुणी राउटर बंद-चालू केला नव्हता, तिथे लाइव्ह मॅच दोनदा अडकलेली, मध्ये जवळजवळ अर्धा तास. सिनेमा मात्र एकदाच. मॅच दोनदा आणि सिनेमा एकदा का, हे कळलं आणि उरलेलं सगळं सुटलं.

व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि टीव्ही थोडे तुकडे आधीच आणून ठेवतो. सिनेमाचा साठा चांगला मोठा करता येतो, कारण पुढचं सगळं सर्व्हरवर तयार असतं. लाइव्हमध्ये जे अजून घडलंच नाही ते आणणार कुठून? तिथे साठा थोडाच. रडार दिसल्यावर राउटर ३६वर उडी मारायचा, टीव्हीला त्याच्या मागोमाग जायला पंधरा-वीस सेकंद लागायचे. तेवढं सिनेमा पचवायचा, मॅच नाही. अर्ध्या तासाची बंदी संपली की हे मॉडेल हट्टाने परत १००वर जातं, आणि जाण्याआधी पूर्ण मिनिट गप्प बसतं. हे मिनिट सिनेमालाही पुरून उरायचं.

घरातल्या फोनांना याची गंधवार्ता नव्हती. ५ गिगाहर्ट्झ गेलं की ते मुकाट्याने वायफायच्या दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या नावावर नाहीतर मोबाइल डेटावर जायचे. टीव्हीला जायला जागाच नव्हती. आधीच्या कुणा टेक्निशियनने ‘फाइव्ह-जीवर ठेवा, फास्ट चालेल’ म्हणून दोन्ही नावं वेगळी करून टीव्हीतून २.४चं पुसून टाकलं होतं. सल्ला मनापासून दिलेला असणार. अशा मनापासूनच्या सल्ल्यांनी आमचं बरंच काम वाढतं.

तेवढ्यात वायफायवरची दोन्ही पिंग तुटली. वायरवरची शांतपणे चालू. काही वेळाने जोडली गेली, राउटर ३६वर. मी काकांना म्हटलं, “काका, आता अर्धा तास काही होणार नाही. मग मिनिटभर जाईल. मुलाला गेम बंद करून इथे बसवा.” त्यांनी खरंच बसवलं. अर्धा तास उलटला, आणि टीव्हीच्या यादीतून ५ गिगाहर्ट्झचं नाव नाहीसं झालं. मुलगा दोन्ही हात वर करून वडिलांकडे बघत होता. काकूंना हसू आवरेना. मिनिटभराने नाव परत आलं.

इलाज किरकोळ होता. चॅनेल ३६ पक्कं केलं, टीव्हीत २.४चं नावही भरून ठेवलं, घड्याळ जुळवलं. मी सामान आवरत होतो तेव्हा काकांनी फोनवर स्पीड टेस्ट केली. अडीचशे. “अहो, आधी चारशे यायचं! हे कमी करून ठेवलंत.” आसपासचे बरेच राउटर ३६वरच असल्यामुळे तिथे गर्दी आहे, तुमच्या ४केला १५च लागतात, हे मी समजावलं. मान हलवली त्यांनी, पण पटलेलं दिसलं नाही. पॅकेजवर जो आकडा छापतो तोच लोक मोजणार. त्यात त्यांचा काय दोष?

मला अजून सतावतंय ते वेगळंच: ते रडार होतं का? राउटरातल्या या वायफाय चिप कधीकधी साध्या गोंगाटालाही रडारचा ठोका समजतात. राउटर बदलूनही फरक पडला नाही, पण बदलून आलेल्याच्या पोटातही तीच चिप. दुसऱ्या कंपनीच्या चिपचा राउटर शेजारी ठेवून दोघांना १००वर ऐकायला लावलं असतं तर छडा लागला असता: दोघांनी एकदम उडी मारली तर हवेत खरंच काहीतरी आहे, एकट्याने मारली तर त्याचे कान खराब. पण टीव्ही चालू असलेल्या घरात एवढ्यासाठी कोण बसू देईल? आणि चिपचाच दोष असेल, तर हे मॉडेल आम्ही लावलेल्या कितीतरी घरांत आत्ता कुणीतरी कुणाच्या तरी गेमला शिव्या देत असेल. तिकिटाच्या कारणांच्या यादीत ‘रडार’ नाही. मी ‘सेटिंग बदलली’ निवडलं, खाली सगळं सविस्तर लिहिलं. सुपरवायझरने त्यातला पहिला शब्द तरी वाचला असेल का, शंका आहे.

राउटरचं अपडेट आलं की चॅनेल पुन्हा ऑटोवर जाऊ शकतं, म्हणून ते कुठे बघायचं नि कसं बदलायचं ते मुलाला नीट दाखवलं. त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवले. पासवर्ड मात्र काकांनी स्वतःकडे ठेवला.