बाबागाडी

शनिवारी दुपारी गॅरेजमधून बंदुकांची गाडी बाहेर ओढली तर ती डावीकडे झुकली. चाक बसलेलं. टायरवरून अंगठा फिरवला आणि टोचला तो सराटा. दोन शिंगांचा, टणक, थेट बार्शीच्या माळावरचा. इथे अमेरिकेत, फिनिक्सला त्याला गोटहेड म्हणतात, म्हणजे बोकडाचं मुंडकं. तोही मूळचा इथला नाही, आमच्यासारखाच समुद्र ओलांडून आलाय आणि आता जाता जात नाही.

‘बंदुकांची गाडी’ म्हटलं की भारतातून आलेला फोन क्षणभर गप्प होतो, म्हणून सांगून टाकतो. महिन्यातून एका रविवारी मी काउबॉय असतो, नेमबाजीच्या खेळातला. दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल, एक शॉटगन, सगळं एकोणिसाव्या शतकाच्या घाटाचं. डोक्यावर हॅट, समोर पोलादी पाट्या. प्रत्येकानं टोपणनाव घ्यायचं, आणि एकाचं दुसऱ्याला मिळत नाही. माझं सांगत नाही, हे सासरची मंडळीही वाचतात. रिव्हॉल्व्हर अशी की दर गोळीला घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा. काउबॉय म्हणवायचं आणि घोडा काय तो एवढाच.

आता हिशेब बघा. एका फेरीत रिव्हॉल्व्हरच्या दहा, रायफलच्या दहा, शॉटगनच्या चारेक. मला पन्नास सेकंद लागतात, वर हुकलेल्या प्रत्येक गोळीचे पाच सेकंद दंड. सहा फेऱ्या धरल्या तर सकाळभरात बार काढायचे ते पाच मिनिटं. उरलेले साडेतीन तास इतरांचे नेम मोजायचे, रिकामी काडतुसं वेचायची आणि खडीवरून गाडी ढकलत पुढच्या जागी जायचं. खेळ खरा गाडी ढकलण्याचाच आहे, असं माझं मत झालंय.

म्हणून सगळ्यांचं लक्ष गाडीवर. बंदुका रिकाम्या, गोळी भरायची जागा उघडी, नळ्या आभाळाकडे, अशा खाचांत उभ्या करायच्या. चाक खड्ड्यात गेलं तरी त्या डुलता कामा नयेत. फेब्रुवारीच्या सुमारास बेन एव्हरीच्या मैदानावर विंटर रेंज ही राष्ट्रीय स्पर्धा भरते, तेव्हा मी नेमबाज बघतच नाही. ओकच्या लाकडाच्या, पॉलिश केलेल्या, बैलगाडीसारख्या आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बघत हिंडतो. एक शवपेटीच्या आकाराची होती, मालक झाकणावर बसून सँडविच खात होता.

तयार गाड्या विकत मिळतात. घडीच्या, नीटस. पण चाकांची वस्तू विकत आणणं मला जमत नाही. चार रविवार खपून मी पाइनच्या फळ्यांची गाडी केली. देखणी झाली. फक्त डिकीत जाईना. माप रायफलीचं घेतलं होतं, डिकीचं नाही. त्या गाडीत आता हिच्या कढीपत्त्याच्या कुंड्या आहेत.

बार्शीत आमच्या गल्लीत बेअरिंगची गाडी ज्याची त्यानं करायची असे. गॅरेजातल्या मिस्त्रीच्या मागे चार दिवस घुटमळायचं, त्याचा चहा आणून द्यायचा, की एखादं जुनं बेअरिंग मिळायचं. ते रात्रभर रॉकेलमध्ये. सकाळी वाटीत काळा गाळ आणि आत लखलखणाऱ्या गोळ्या. पुढे एक बेअरिंग, मागे दोन, वर जुन्या दाराची फळी. पुढच्या आडव्या लाकडाला मधोमध बोल्ट, दोन टोकांवर दोन पाय, की वळवा कुठं वळवायची ते. ब्रेक म्हणजे चपलेची टाच. डांबरी उतारावर खर्रर्र असा आवाज काढत निघालो की दुपारी झोपलेली म्हातारी माणसं दार उघडून आमच्या सात पिढ्या काढायची. माझं मागचं डावं बेअरिंग उजव्यापेक्षा मोठं मिळालं होतं. गाडी सरळ म्हणून जायची नाही, गटारीकडे ओढ घ्यायची. दादा म्हणायचा, बदल की रे ते. मी दोन वर्षं तशीच चालवली. पुढे पुढे तर दुसऱ्याची सरळ गाडी दिली की मी भिंतीवर जायचो. आमचा हा काउबॉयांचा खेळ चालवणारी संस्था कॅलिफोर्नियात निघाली ती १९८७ साली, म्हणजे मी गटारीत पडत होतो त्याच सुमाराला.

तर शेवटी गॅरेजच्या वरच्या फळीवर पोराची बाबागाडी सापडली. पळता पळता ढकलायची, तीन मोठ्या हवेच्या चाकांची, घडी होणारी. कापड काढलं, तळाला प्लायवूड, मागे खाचांची पट्टी, खाचांना जुन्या चादरीचं अस्तर. पट्टा तेवढा काढला नाही, टाकवत नाही म्हणून. रायफल आणि शॉटगनच्या पोटावरून तो येतो आणि कट्ट करून बसतो. सगळं भरलं की बारा-तेरा किलो होतं. दोन-अडीच वर्षांच्या पोराएवढं.

पोरगं आता कॉलेजात. सुट्टीला आलंय. बादलीत त्यानंच ट्यूब बुडवून धरली, बुडबुडे दिसले तिथं मी कानस घासली, सोल्युशन लावलं, ठिगळ दाबलं. तो म्हणाला, “बाबा, आता ही खरंच बाबागाडी झाली.” मी हसलो. मग तो बकल उगीचच लावत-सोडत बसला.

पाच वर्षांचा असताना एकदा शाळेतून आला तो सरळ कपाटामागे जाऊन बसला. गुडघे पोटाशी, बोट ओठांवर. म्हणाला, दिवे घालवले आणि असं बसायचं होतं, मी सगळ्यांत गप्प बसलो, टीचरनं स्टिकर दिला. चांदणीचा स्टिकर. हिनं तो फ्रिजवर लावला. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर लपायचं कसं, त्याची ती तालीम होती, हे आमच्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले.

संध्याकाळी चाक हवा धरून राहिलं. सकाळी सातला मैदानावर पोचायचं होतं. रायफल खाचेत उभी केली, पट्टा ओढला, आणि बकल हातात धरून तसाच उभा राहिलो.