गुणाची पोर

दर गुरुवारी चार ते सहा मी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एका हॉलमध्ये टोस्ट भाजते. पगार नाही. मुलं आणि कुटुंबांसाठी काम करणारी ही धर्मादाय संस्था आहे आणि मी तिथली स्वयंसेवक. टोस्ट भाजायलाही आधी पोलिसांच्या नोंदी तपासलेलं प्रमाणपत्र लागतं. ते येईपर्यंत महिना उलटला. घरी सांगितलं तर भाऊ हसला, "पाव भाजायला कसलं गं व्हेरिफिकेशन?"

हॉलमध्ये येणारी मुलं आठ ते पंधरा वर्षांची. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाचे वडील मानसिक आजाराने त्रासलेले, कुणाचा भाऊ अपंग. औषधं देणं, जेवण करणं, कपडे धुणं ही मुलंच करतात. इथे त्यांना 'यंग केअरर' म्हणतात. २०१४ च्या कायद्यानं त्यांना एक हक्क दिलाय. या कामाचा मुलावर किती भार पडतो आणि घराला काय मदत लागेल, हे स्थानिक प्रशासनानं तपासायला हवं. तपासणीनंतर मदत येतेच असं नाही, रांगा लांब असतात. पण त्या कामाला 'काम' म्हणतात, हेच मला नवीन होतं.

पहिल्याच महिन्यात मी चुकले. दहा वर्षांची एक मुलगी खेळ सोडून माझ्या शेजारी आली, न सांगता बशा धुतल्या, पुसून रचल्या आणि हळूच विचारलं, दोन टोस्ट मम्मीला नेऊ का? मला भरून आलं. "किती गुणाची गं तू!" याचं इंग्रजी जमेल तसं करून बोलून गेले. नंतर आमच्या ताईंनी (इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण माझ्या मनात त्या ताईच) बाजूला घेतलं. म्हणाल्या, हे कौतुक ती आठवडाभर ऐकते. इथे दोन तास तिला बशा धुवू देऊ नकोस.

त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली आमची शाळा. चौथीच्या वर्गात एकजण धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. दिवाळीनंतर आई-बाप उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले; मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. घरी म्हातारी आजी, तिला नीट दिसत नव्हतं. पहाटे उठून तीच भाकरी थापायची. वर्गात बसल्या बसल्या डुलकी लागायची तिला. गुरुजी रागवायचे नाहीत. उलट आम्हाला सांगायचे, "बघा, केवढी गुणाची पोर." आम्हाला तिचा हेवा वाटायचा. सातवीनंतर ती शाळेत दिसली नाही आणि मीही चौकशी केली नाही.

इथल्या संस्थांचं फार गुणगान करायला नको. बेवारस आणि गरीब मुलांना 'चांगल्या आयुष्यासाठी' बोटीत बसवून कॅनडा-ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात त्यातल्या नामांकित संस्थाही होत्या. कित्येकांना आई-वडील हयात असूनही ते वारल्याचं सांगितलं गेलं. हे १९६० च्या दशकापर्यंत चालू होतं. ब्रिटिश सरकारची जाहीर माफी आली २०१० मध्ये. प्रमाणपत्र, नोंदवह्या, 'मुलाला कधीही गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका' हा प्रशिक्षणातला नियम, एवढी काटेकोर पद्धत अशाच पापांतून आली असणार.

रविवारी आईला फोनवर या मुलांबद्दल सांगितलं.

"माय! तसली लेकरं तर आपल्याकडं घरोघर हायेत की. त्यात काय नवल?"

मग मी आमच्या वर्गातल्या तिची चौकशी केली.

"गेली की कारखान्यावर, नवऱ्यासंगं. दोन पोरं इथंच हायेत, आजीपाशी. थोरली सैपाक करती, धाकट्याला सांभाळती. लई गुणाची पोर."

मी गप्प. मग विचारलं, शाळेत यंदा हंगामी वसतिगृह सुरू झालंय का? आई-बाप उसाला गेलेल्या लेकरांना गावातच दोन वेळचं जेवण मिळतं ना त्यात?

"गुरुजीला इचारते," आई म्हणाली. "पण तू कामून इचारतीस?"