खारपाणपट्ट्यातून मालवणला

आमच्या दर्यापूर तालुक्यात समुद्र तेवढा नाही, खारं पाणी मात्र भरपूर आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा असा तीन जिल्ह्यांत हा खारपाणपट्टा पसरलाय, विहीर खणा नाहीतर बोअर मारा, जे लागते ते तोंडात धरवत नाही आणि वावराला दिलं तर जमीन चोपण होते. म्हणून कपाशी, तूर, मूग, हरभरा सगळं वरच्या पावसाच्या भरवशावर, आणि प्यायचं पाणी शहानूर धरणावरून नळानं येते. गावातले म्हातारे सांगतात का लय आधी इथं समुद्रच होता, तो गेला निघून आणि मीठ राहिलं मागं. खरंखोटं पूर्णामाय जाणे.

तर हरभरा सोंगून झाला आणि मी सॅक भरायला घेतली तेव्हा मायचा प्रश्न तयारच होता. "समुद्र पाहाले येवढ्या दूर कायले जातं बापा? लोणार जवळ हाये ना, थेही खारंच पाणी हाये." आता याला काय उत्तर द्यायचं. लॉजिक तर बरोबर आहे.

नागपूरहून मडगावला जाणारी गाडी अकोल्याला पकडली, खाली उतरलो कुडाळला, मधला प्रवास एवढा मोठा आहे का त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं. कुडाळवरून एसटीनं मालवण. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "खंयसून इलात?" म्हटलं दर्यापूर. नाही समजलं. अमरावती म्हटलं, तरी चेहरा तसाच. शेवटी नागपूर म्हटलं तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि मग पूर्ण मुक्कामात मी नागपूरचाच राहिलो, कोकणातल्या माणसाला नागपूरच्या अलीकडं काही दिसतच नाही बहुतेक.

माझ्या डोळ्यांची एक गंमत झाली तिकडं. आम्ही सपाट मुलखातले लोक, वावरात उभं राहिलं का तीन गावं पलीकडचं पाण्याच्या टाकीचं टोक दिसते. कोकणात काहीच दिसत नाही बाप्पा. रस्ता वळते, चढते, उतरते, दोन्हीकडं झाडं, लाल जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे, त्याच्या आत माडांत बुडालेली घरं, म्हणजे आपण गावात आहोत का गाव संपलं हेही कळत नाही. मालवणच्या गल्लीतून चालताना मला गुदमरल्यासारखं झालं होतं खरं सांगतो, आणि मग दोन घरांच्या मधून अचानक समुद्र आला. लोकं म्हणतात समुद्र पाहून आपण किती लहान असं वाटते वगैरे. मला तसं काही नाही वाटलं, मला बरं वाटलं का चला, इथं तरी नजर जाईल तिथवर काही आडवं येत नाही.

किल्ला समोरच पाण्यात आहे. सिंधुदुर्ग, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला आणि तीन वर्षांत उभा केला. होडीतून उतरल्यावर सगळे जण तट, बुरुज, फोटो यात लागले, महाराजांचं मंदिर पाहून मीही फिरलो, पण माझा जीव अडकला तो विहिरींत. तीन आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, आणि तिन्हींचं पाणी गोड. चारही बाजूंनी समुद्र आदळून राहिला आणि मधात गोडं पाणी! आणि आमच्या इथं समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी विहीर खारी. गाईड पोरगा बाकीच्यांना चमत्कार चमत्कार म्हणून सांगत होता. मी मात्र तिथंच कठड्याला टेकून बराच वेळ बसलो, खरं म्हणजे थोडा रागच आला होता, कोणावर ते नाही माहीत.

दुसऱ्या दिवशी सॅक घेऊन पायीच निघालो तारकर्लीकडं. एक सांगून ठेवतो, पुळणीत वरच्या कोरड्या रेतीतून चालू नका, पोटऱ्या भरून येतात, पाण्याच्या कडेच्या ओल्या रेतीवरून चाला, ती कडक असते. वरच्या अंगाला सुरूची झाडं आणि रेतीवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते, तिला मर्यादवेल म्हणतात, नाव ज्यानं ठेवलं त्याला सलाम. पुढं देवबागला तर जमिनीची नुसती पट्टी उरते, एका हाताला कर्ली नदी आणि एका हाताला समुद्र.

वाटेत रापण चालू होती. पाण्यात अर्धगोल जाळं टाकलेलं आणि किनाऱ्यावर दोन रांगा करून माणसं दोर ओढत होती, म्हातारे, पोरं, सगळे. मीही सॅक टाकून दोराला हात लावला, कोणी नको म्हटलं नाही. शेवटी मूठभर तारल्या माझ्याही वाट्याला आल्या, त्या मी खानावळीतल्या काकूंना नेऊन दिल्या. तिरफळ घालून केलेलं कालवण, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. काटे काढत काढत मी एवढा हळू जेवलो का काकू दोनदा येऊन विचारून गेल्या, आवडलं नाही काय म्हणून.

होडीवाल्या दादांना विचारलं भरती केव्हा असते, तर ते म्हणाले आज तिथी कोणती? तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. त्या दिवशी अष्टमी होती, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराला ओहोटी. दुसऱ्या दिवशी नवमी, पावणेसात. आम्ही पेरणीसाठी मृग कधी निघते म्हणून पंचांग पाहतो आणि हे लोक पाण्यासाठी, मला तो माणूस एकदम घरचा वाटला. पण मग ते म्हणाले, अष्टमीला आलात होय, ही तर भांगाची भरती, पाणी जास्त चढत नाही आणि जास्त उतरतही नाही. उधाण पाहायचं तर पौर्णिमेला नाहीतर अमावस्येला या, तेव्हा ओहोटीला खडक एवढे उघडे पडतात का आतलं सगळं दिसते.

तेव्हापासून मी कॅलेंडर घेऊन बसलोय. कोजागिरीला सोयाबीन घरात यायचं असते, कार्तिकी पौर्णिमेला कापूस वेचणी ऐन जोरात. पौषात तूर. माघातली जमते पण हरभऱ्याचा भरवसा नाही. राहिली होळीची पौर्णिमा, हात मोकळे, हवा बरी, सगळं बरोबर, आणि नेमकं तेव्हाच मुंबईचं सगळं कोकण शिमग्याला गावी निघते, तिकीट काही भेटत नाही. अमावस्येला जावं म्हटलं तर माय घराबाहेर पडू देत नाही.