आमची वाटचाल: आधी कटरबार, मग बाकीचं

आमच्याकडे डिस्क मोअर, म्हणजे फिरत्या चकत्यांवरच्या पात्यांनी गवत कापायचं ट्रॅक्टरचं यंत्र, बघायला माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, रुंदी किती. दुसरा, डिस्क किती. कटरबार, म्हणजे ज्याच्यावर डिस्क बसतात आणि ज्याच्या आत त्यांना फिरवणारे गिअर असतात तो लांब बार, आतून कसाय हे विचारणारा क्वचित भेटतो, आणि आमची फर्म नेमकी त्या न विचारलेल्या प्रश्नावर उभी राहिलीय. बऱ्याच जणांनी सांगितलं की एकदा वाटचाल लिहून काढा. आता लिहायचीच तर जे झालं ते लिहितो, ज्याला लागायचं त्याला लागू दे.

सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि माझा पार्टनर. त्याची लेथ आणि माझं वेल्डिंग एवढंच भांडवल. तेव्हा कामं यायची ती सिकल बारची, म्हणजे कात्रीसारखं मागेपुढे सरकणाऱ्या पात्यांच्या जुन्या मोअरची. रिव्हेट तुटल्या, सेक्शन बदला, गार्ड सरळ करा, हेच दिवसभर. सिकल बार वाईट नाही, आजही नाही म्हणणार नाही मी, रुंदीच्या मीटरला जेमतेम सव्वा किलोवॅट ताकद खातो आणि कापही स्वच्छ देतो, पण गवत लोळलेलं असलं की गच्च अडकतो, मग उतरा, उपसा, परत चढा, परत उतरा. डिस्क मोअरला मीटरला पाच किलोवॅटच्या आसपास लागतात पण लोळलेलं, ओलं, दाट, काहीही असो, ताशी 10-15 किलोमीटरनं कापत जातो, जमीन तेवढी सपाट पाहिजे. ज्यानं एकदा डिस्क चालवला तो परत सिकलकडे वळला नाही. साहजिकच आमच्या दारात पण डिस्कचे कटरबार यायला लागले, आधी दुरुस्तीला, मग लोक म्हणायला लागले तुम्हीच मशीन द्या, आणि आम्ही विक्री सुरू केली.

पार्टनरबद्दल लिहिलंच पाहिजे. त्याच्याइतका हाताचा साफ माणूस मी पाहिला नाही. बार उघडायच्या आधी टेबलावर पांढरं फडकं अंथरायचा, जुनं ऑईल काढताना खाली लोहचुंबक धरायचा आणि चुंबकाला काय चिकटलं ते उजेडात नेऊन बघायचा. मऊ करडी पेस्ट असली तर म्हणायचा ठीक आहे, झीज आहे. चमकणारा कण दिसला की गप्प व्हायचा, मग आम्हाला कळायचं आता पूर्ण बार खोलायचा आहे. बेअरिंग पुलर त्यानं स्वतः लेथवर बनवलेला, बाजारातला पुलर हाऊसिंगच्या कडेला ओरखडे पाडतो म्हणून. आणि टॉर्क रेंचला तर कोणाला हात लावू द्यायचा नाही. पात्याचा बोल्ट अंदाजानं आवळलेला त्याला चालायचाच नाही. डिस्क परत बसवताना शेजारच्या दोन डिस्क एकमेकींना 90 अंशात पाहिजेत, कारण त्यांच्या पात्यांचे घेर एकमेकांत शिरतात, गिअरचा एक दात जरी इकडचा तिकडं बसला तरी पात्यावर पातं आदळणार. तो सगळ्या डिस्क हातानं सावकाश फिरवून बघायचा, दोनदा, आणि मगच झाकण लावायचा.

मधली काही वर्षं बरी गेली, त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

मग ते प्रकरण झालं. एका मोठ्या दूधधंदेवाल्या गिऱ्हाइकाला आम्ही मोठं मशीन दिलं होतं, पूर्ण गिअरचा बार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गिअरला गिअर लागलेला आणि सगळे एकाच ऑईलमध्ये. चांगलं मशीन होतं, आजही तेच म्हणतो. ऐन हंगामात दगड लागून एक पातं तुटलं. आम्हाला फोन न करता त्यांनी दुसऱ्या एका विक्रेत्याचा माणूस बोलावला (नाव घेत नाही, लाईनमधल्यांना माहितीय) आणि त्या माणसानं त्या डिस्कवर एकच पातं बदललं, तेही भलत्याच मापाचं. आता ज्यानं डिस्क मोअर हाताळलाय त्याला सांगायला नको, डिस्क मिनिटाला 3000 च्या आसपास फिरते, पात्याचं टोक ताशी 250-300 किलोमीटरच्या घरात असतं, तिथं दोन पात्यांच्या वजनात थोडा जरी फरक पडला तरी तो फरक सगळा बेअरिंगवर जातो. मशीन थरथरत होतं, ड्रायव्हरनं तसं सांगितलंही होतं म्हणे, पण पाऊस येणार म्हणून चालवत राहिले. बेअरिंग गेलं, गिअरचा दात उडाला, आणि पूर्ण गिअरच्या बारमध्ये एक तुकडा सुटला की तो एका जागी थांबत नाही, ऑईलबरोबर पुढच्या गिअरमध्ये, तिथून पुढच्या. अख्खा बार भंगार झाला.

मशीन ट्रॉलीवर घालून आमच्या दारात आणलं आणि म्हणाले तुमचा माल कच्चा. पार्टनरनं त्यांच्यासमोर ती दोन पाती काढली, काट्यावर ठेवली, वजनाचा फरक दाखवला, बोल्टाच्या भोकाचं माप दाखवलं. बघितलं सगळं, पण ऐकून घ्यायची तयारी नव्हती. उरलेलं पेमेंट अडकवलं ते अडकवलंच. त्याहून वाईट म्हणजे तो विक्रेता गिऱ्हाइकांना सांगत सुटला की यांचे बार फुटतात, यांच्याकडून घेऊ नका. ज्याच्या माणसानं पातं बसवलं तोच! बुकिंग एकामागून एक कॅन्सल झाली. ज्यांच्याकडून आम्ही मशीनं आणत होतो त्यांनी उधारी बंद केली आणि शेडमधली न विकलेली मशीनं परत उचलून नेली, आणि थोड्याच दिवसांत तीच मशीनं त्या विक्रेत्याच्या अंगणात उभी होती. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचं कारण पण मला दिसत नाही. पार्टनरनं लेथ गहाण टाकली. ज्या लेथवर आमचं सगळं सुरू झालं ती.

त्या काळात आम्हाला ज्यांनी तारलं ते एक काका. आमचे अगदी जुने गिऱ्हाईक, थोडी जनावरं, छोटा ट्रॅक्टर, पाच डिस्कचा मोअर, आमच्याकडूनच घेतलेला. काकांची एक वही होती. ऑईल कधी बदललं, पाती कुठल्या डिस्कची बदलली, कुठं दगड लागला, सगळं तारीखवार. हंगाम संपल्यावर त्यांनी मोअर आमच्याकडे सर्व्हिसला आणला, पैसे आगाऊ दिले, आणि म्हणाले, "घाईनं नेत नाही मी, राहू दे इथंच दर्शनी. कोणी काय विचारलं तर बार उघडून दाखव आणि ही वही दाखव." बार उघडला तर आतले गिअर पहिल्या दिवसापासूनचे, दातांवर नुसती चकाकी, कुठं टवका नाही. जो येईल त्याला आम्ही तो बार आणि ती वही दाखवायला लागलो. काकांनी स्वतः चार माणसं पाठवली, त्या माणसांनी आणखी पाठवली. धंदा परत लागला तो त्या वहीवर लागला, कुठल्या जाहिरातीवर नाही.

तेव्हापासून आमचा नियम आहे, मशीन विकायच्या आधी त्या प्रकारचा एक खोललेला बार गिऱ्हाइकाला दाखवायचा. कंटाळतात लोक, तरी दाखवतो.

आता कोणी विचारलेलं नाही तरी सांगतो, कारण दुकानात सांगायला वेळ पुरत नाही. बार दोन प्रकारचे. एक वर सांगितला तो पूर्ण गिअरचा. दुसरा मॉड्युलर, म्हणजे प्रत्येक डिस्कचा वेगळा डबा, स्वतःचं ऑईल, आणि डबे शाफ्टनं जोडलेले. याच्यात नुकसान झालं तर बहुतेक वेळा त्या एका डब्यापुरतं राहतं, डबा बदला आणि कामाला लागा. जमीन दगडाची असेल, किंवा ड्रायव्हर कोण असणार याची खात्री नसेल, तर मॉड्युलरच घ्या. स्वच्छ रान आहे, मशीन स्वतः चालवणार, तर गिअरचा बार वर्षानुवर्षं टिकतो, काकांचा टिकलाच. दगड लागल्यावर काय तुटायचं हे कंपनीनं आधी ठरवलंय का हे पण विचारा. क्रोन कंपनीच्या सेफकटमध्ये पिन तुटते आणि डिस्क आट्यांवरून वर उचलली जाते, कून कंपनीच्या प्रोटेक्टाड्राइव्हमध्ये शाफ्ट ठरलेल्या जागीच तुटतो, म्हणजे आतले गिअर वाचतात. असं काहीच नसलेलं मशीन स्वस्त पडतं ते घेण्याच्या दिवसापुरतं.

रुंदी ट्रॅक्टर बघून घ्या. एचपी म्हणजे पीटीओची, ट्रॅक्टरमागच्या ज्या शाफ्टवर मोअर चालतो त्याच्यावर मिळणारी एचपी, बोनेटवर लिहिलेली नाही. 2.4 मीटरच्या मोअरला 40-50 एचपी पीटीओवर मिळाली पाहिजे, नुसतं कापायला कमी लागते हे खरं पण चढ आला, गवत दाट आलं की आरपीएम पडतात, आणि आरपीएम पडले की दोन डिस्कच्या मध्ये न कापलेल्या रेषा उभ्या राहतात. मग लोक पात्याला दोष देतात. ट्रॅक्टरचं वजन पण बघा, सगळं ओझं एका बाजूला लटकतं, पुढे वजनं लावा.

पात्यांचं तर किती वेळा सांगू. एका डिस्कवरची दोन्ही पाती एकदम बदला, एकाच बनावटीची, बोल्टासकट. पीळ दिलेल्या (वाकवलेल्या) पात्याला डावी-उजवी बाजू असते, डिस्क कुठल्या दिशेला फिरते ते बघून लावा. पीळ जास्त तर लोळलेलं गवत चांगलं उचलतं, पण रेताड जमिनीत तेच पातं मातीही वर ओढतं, तिथं कमी पिळाचं घ्या. आणि जमिनीला घासून कापू नका. गवताला तीन-चार इंच खुंट ठेवलाच पाहिजे, त्याच्यावर कापलेली ओळ उचलून राहते, खालून वारा जातो, वाळतं लवकर. हिरव्या गवतात 75-80 टक्के पाणी असतं आणि वाळल्या चाऱ्याच्या गाठी बांधायला ते 20 च्या खाली यावं लागतं, नाहीतर गाठ आतून तापते. सगळा खेळ त्या दोन-चार कोरड्या दिवसांचा, आणि त्याच दिवसांत मोअर बंद पडला तर चारा काळा पडतो. विश्वासाचं मशीन म्हणतात ते याच्यासाठी. लसूणघास थोडा खालून कापला तरी चालतो, पण माती तिथंही नकोच.

फ्लोट स्प्रिंग, म्हणजे बारचं ओझं तोलणारी स्प्रिंग, नीट लावून घ्या. बार जड ठेवला तर खालचे स्किड शू (जमिनीवर घसरणारे तळवे) झिजतात आणि माती खरवडली जाते, फार हलका ठेवला तर बार उड्या मारतो. ऑईल मोजून टाका, बार सपाट करून. जास्त टाकलं की चांगलं असं समजणारे रोज भेटतात, जास्त ऑईलनं बार तापतो. काम थांबवल्यावर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, डिस्क पूर्ण थांबल्याची खात्री करा, त्या बराच वेळ फिरत राहतात, आणि मग बारवर जपून हात फिरवा. एखादी जागा बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तिथलं बेअरिंग बोलतंय. ऑईल दुधासारखं दिसलं तर सीलमधून पाणी गेलंय. मोअरभोवतीचा संरक्षक पडदा फाटला तर त्याच दिवशी बदला, दगड गोळीसारखा सुटतो, आणि कापणी चालू असताना पोरांना रानात येऊ देऊ नका.

लेथ सोडवून आणली. पार्टनरचे गुडघे आता साथ देत नाहीत, तो बसून बार तपासतो, खोलायचं काम पोरं करतात, पण चुंबक अजून त्याच्याच हातात असतो. त्या विक्रेत्याचं दुकान चालूच आहे, रुंद मशीनं स्वस्तात देतो, पाती सुटी देतो, एक मागा, एक देतो. त्याच्याकडची मशीनं दुरुस्तीला आमच्याकडे येतात आणि आम्ही ती तितक्याच काळजीनं करतो, कारण गिऱ्हाइकाचा त्यात काही दोष नाही. आमच्याकडे पाती जोडीनंच मिळतात. कोणी एक मागितलं तर देत नाही, रागावून गेला तरी देत नाही.

सर्व्हिस करायची असेल तर मशीन हंगाम संपल्या संपल्या आणा, गवत कमरेएवढं झाल्यावर नाही. आणि येताना वही आणा.